दारासमोर फूड स्टॉल टाकला तर पब-रेस्टॉरंटला पैसे सुटतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पब आणि रेस्टॉरंट एकत्र आहे, शुक्रवार-शनिवार भरतं, बाकी दिवस अर्धी टेबलं रिकामी, भाडं आणि पगार मात्र रोजचे रोज चालूच, दारासमोर मोकळी जागा पडून आहे, तिथे खाण्याचा स्टॉल टाकला तर धंदा सावरेल का, आणि आतलंच गिऱ्हाईक बाहेर उभं राहून कमी पैशात खाऊन निघून जाईल त्याचं काय. मी या लाइनमध्ये किचन आणि फ्लोअर दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीत, असे स्टॉल उभे करून देणं, चालवणं आणि वेळ आली तर बंद करा म्हणून सांगणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टॉल फायद्यात जातो का तर हो, जाऊ शकतो, पण बहुतेक मालक फायदा चुकीच्या ठिकाणी शोधतात. रात्री स्टॉलचा गल्ला मोजतात आणि खूश होतात किंवा नाराज होतात, आणि दोन्ही वेळा ते चूकच असतं, कारण स्टॉलचा खरा हिशोब स्टॉलच्या गल्ल्यात दिसतच नाही. तो तीन ठिकाणी विखुरलेला असतो, बाहेर काय विकलं गेलं, त्यातलं आतून काय कमी झालं, आणि बाहेरच्या माणसामुळे आत काय वाढलं. हे तिन्ही एकत्र मांडल्याशिवाय स्टॉल चालतोय की खातोय ते कळत नाही.

आकड्यात सांगतो, कुठलंही चलन धरा, प्रमाण महत्त्वाचं. समजा स्टॉलवरचा माणूस सरासरी 10 चं खातो आणि आत बसणारा माणूस खाणं-पिणं मिळून 30 चं बिल करतो. स्टॉलवर कच्चा माल 32 टक्के आणि कागदी डबे-चमचे-टिश्यू 5 टक्के धरले तर 10 मधले 6.3 हातात राहतात. आत मालाचा खर्च साधारण एक तृतीयांश जातो म्हणजे 30 मधले 20 राहतात, कारण आतला वेटर, भाडं, वीज हे तो माणूस आला नाही तरी द्यायचंच आहे. आता स्टॉलवर आलेल्या 10 जणांपैकी एकच जण असा निघाला जो एरवी आत बसला असता, तर तुम्हाला 63 मिळाले आणि 20 गेले, राहिले 43. त्या 10 पैकी दोघं जण खाता खाता आत येऊन एखादं ड्रिंक घेऊन गेले आणि प्रत्येकी 6 सुटले तर 55. स्टॉलचा दिवसाचा स्वतःचा खर्च, म्हणजे दोन माणसं, गॅस, वीज, कार्ड मशीनचं कमिशन मिळून 250 धरला तर 46 गिऱ्हाइकांवर बरोबरी होते. पण तेच 10 पैकी अडीच जण आतले निघाले, म्हणजे चारात एक, तर 10 जणांमागे फक्त 25 उरतात आणि बरोबरी व्हायलाच 100 गिऱ्हाईक लागतं. बाहेर रांग तशीच, गल्ला तसाच, पण घाम दुप्पट. हा एवढा एक आकडा, चारात एक की दहात एक, सगळं ठरवतो, आणि म्हणून मी कुठल्याही स्टॉलच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारतो की हा कोणाला विकणार आहे.

स्टॉल त्यालाच विकला पाहिजे जो आत आलाच नसता. असे लोक कोण ते दारात उभं राहून बघा, एकदा कामाच्या दिवशी दुपारी, एकदा संध्याकाळी. ऑफिसमधून सुटून स्टेशनकडे पळणारा, ज्याच्याकडे दहाच मिनिटं आहेत. लहान मुलं बरोबर असलेलं कुटुंब, ज्यांना बारच्या वातावरणात बसायचं नाही. कुत्रा फिरवायला निघालेला माणूस. एकटं बसून जेवायचा संकोच असणारा. आणि जो आत आधीच बसलाय, दोन ड्रिंक झालेत, पूर्ण जेवण नकोय पण काहीतरी गरम चालेल, नाहीतर तो उठून दुसरीकडे खायला जाणार, तोसुद्धा स्टॉलचंच गिऱ्हाईक आहे आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तेच आहे. ज्या पबमध्ये किचनच नाही किंवा किचन नऊला बंद होतं तिथे तर बाहेरचा स्टॉल म्हणजे माणूस अजून तासभर बसण्याचं कारण होतं, आणि ड्रिंकवर मालाचा खर्च 18 ते 25 टक्क्यांच्या आसपास असतो तर खाण्यावर 28 ते 35, त्यामुळे त्या एका तासात जे पैसे सुटतात ते स्टॉलच्या प्लेटपेक्षा जास्त असतात.

म्हणून आतल्या टेबलवर बाहेरचं खाणं नेऊ द्या, मनापासून सांगतो. काही मालक इथेच अडतात, आमच्या टेबलवर कागदी डबा दिसला तर क्लास जातो वगैरे. बारच्या बाजूला, उंच टेबलांवर, गार्डनमध्ये चालू द्या, डायनिंग हॉलमध्ये नको, एवढी रेघ पुरते.

मेन्यूवर आता. आतल्या मेन्यूतल्या चार गोष्टी उचलून बाहेर कमी दरात ठेवणं हा आतलं गिऱ्हाईक बाहेर ढकलायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. बाहेरचा पदार्थ वेगळा हवा पण कच्चा माल तोच हवा. म्हणजे आत जे मांस मोठ्या तुकड्यात प्लेटिंग करून जातं त्याच्या ट्रिमिंगचं, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांचं, बाहेर रोलमध्ये भरायचं सारण होतं, आतल्या ग्रिलच्या भाज्यांचं बाहेर सँडविच होतं, ब्रेड तोच, सॉस तेच. यामुळे ऑर्डरचं प्रमाण वाढतं म्हणून सप्लायरकडे दर मागता येतो, माल फिरतो, टाकून कमी द्यावं लागतं. आणि पावसामुळे स्टॉल लागलाच नाही तर केलेली तयारी आत वळवता येते, हे फार महत्त्वाचं आहे कारण उघड्यावरच्या धंद्यात आठवड्यातला एखादा दिवस हवामान खाणार हे धरूनच चालायचं असतं. जो पदार्थ फक्त स्टॉलवरच खपू शकतो आणि सकाळीच करून ठेवावा लागतो तो मेन्यूत घेऊच नका.

पदार्थ किती, तर चार, फार तर पाच. त्यात एक बिनमांसाचा असा हवा जो नावापुरता नाही, खरोखर भरपेट आहे, कारण चार जणांच्या ग्रुपमध्ये एकाला खायला काही नसेल तर चौघंही पुढे जातात. सगळं एका हातात धरून खाता आलं पाहिजे, दुसऱ्या हातात ग्लास असतो. सुरीकाटा लागला की टेबल लागतं, टेबल लागलं की तुम्ही परत रेस्टॉरंटच चालवताय, फक्त छप्पर नसलेलं.

स्टॉलवर लोक चवीइतकेच वेगाचे पैसे देतात. एका प्लेटला तीन मिनिटं लागत असतील आणि एका वेळी एकच होत असेल तर तासाला 20 प्लेट, दीड मिनिट लागत असेल तर 40. संध्याकाळची खरी गर्दी दोन-अडीच तासांचीच असते, त्याच्या आधी आणि नंतर तुरळक, म्हणजे 50 प्लेट की 100 प्लेट हे जाहिरातीवर नाही तर तव्यावरच्या हातांवर ठरतं. वरच्या हिशोबातले 46 आठवा, तीन मिनिटांच्या वेगाने तुम्ही बरोबरीच्या जेमतेम पुढे जाताय. म्हणून पदार्थ असा बांधा की 80 टक्के काम दुपारी तीन ते पाचमध्ये, जेव्हा किचन तसंही रिकामं असतं आणि पगार चालू असतो, तेव्हा उरकेल आणि बाहेर फक्त गरम करणं, भरणं, देणं राहील. दुपारचे हे दोन तास म्हणजे तुम्ही पैसे भरलेली पण न वापरलेली गोष्ट आहे आणि स्टॉलची सगळी गंमत तिथे आहे, नवीन किचन लागत नाही, नवीन फ्रिज सहसा लागत नाही, तयारीला नवीन शेफ लागत नाही.

बाहेर दोन माणसं, एक तव्यावर, एक पैसे आणि ऑर्डर घेणारा. एकाच माणसाने दोन्ही करू नये, वेळही जातो आणि पैशाचा हात खाण्याला लागतो. शुक्रवारी आठ वाजता आतल्या किचनमध्ये शिजवणारा कुक बाहेर पाठवायचा नाही म्हणजे नाही, कारण बाहेरच्या वीस प्लेटसाठी आतली दहा टेबलं ताटकळली तर नुकसान कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, ती टेबलं फक्त परत येत नाहीत. त्याचप्रमाणे स्टॉलची ऑर्डर आतल्याच किचनमध्ये शिजवून तयार प्लेट देतात त्या काउंटरवरून बाहेर आणायची पद्धत ठेवू नका, लोक करतात, पहिल्या गर्दीच्या रात्री दोन्ही बाजू कोसळतात. बिलिंग एकाच सिस्टिममध्ये पण स्टॉलचं खातं वेगळं, माल स्टोअरमधून स्टॉलला जाताना नोंद करूनच जायला हवा, नाहीतर महिन्याच्या शेवटी आतली फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीतला मालाच्या खर्चाचा वाटा, 31 टक्क्यांवरून 36 झालेली दिसते आणि शेफला उगाच बोलणी बसतात.

सुरक्षेचं मी जरा कडकपणे सांगणार आहे, कारण उघड्यावर किचन चालवणं हे आतल्यापेक्षा धोक्याचं आहे आणि एक विषबाधा किंवा एक आग झाली की आतला वर्षानुवर्षांचा धंदासुद्धा त्यात जातो. खाणं 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळलं की जंतू वाढतात, पोषक परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्यामुळे गरम ते 60 च्या वर, ब्रिटनमध्ये नियमच 63 चा आहे, आणि थंड ते 5 च्या खाली. स्टॉलवर प्रोब थर्मामीटर, म्हणजे खाण्यात खुपसून तापमान बघायचा, हवाच, आणि तासातासाला वाचून वहीत लिहायचं. बेन-मारी, म्हणजे खाली गरम पाणी असलेली खाण्याची भांडी, ही गरम ठेवायला असते, थंड गोष्ट गरम करायला नाही, आधी तव्यावर नीट आतपर्यंत 75 च्या पुढे नेऊन मग तिच्यात. शिजवलेला भात घेणार असाल तर जास्त जपा, त्यातल्या बॅसिलस सिरियसचं विष परत गरम करून जात नाही. हात धुवायला वाहतं पाणी स्टॉलवरच हवं, आतल्या बेसिनला जाऊन येतो म्हणणारा गर्दीत जात नाही. ॲलर्जीची यादी प्रत्येक पदार्थासमोर लिहिलेली हवी, युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये 14 घटक जाहीर करावे लागतात, अमेरिकेत 2023 पासून तीळ धरून 9, आणि तुमच्या भागात कायदा काही म्हणो, शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, तीळ, मासे एवढं तरी विचारल्यावर लगेच सांगता आलं पाहिजे. एकच फ्रायर असेल तर बिनमांसाचं आणि मांसाचं त्याच तेलात जातं हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

आग. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो, म्हणून सिलिंडर गटाराच्या जाळीजवळ किंवा तळघराच्या झरोक्याजवळ कधीच नाही, पबचं तळघर असतं आणि तिथे माणसं ये-जा करतात हे लक्षात ठेवा. तेलाच्या आगीला पाणी नाही, वेट केमिकलचं एक्स्टिंग्विशर आणि फायर ब्लँकेट हाताशी, आणि ते वापरता येणारा माणूस प्रत्येक शिफ्टमध्ये. कोळशाची भट्टी बाजू बंद केलेल्या तंबूत ठेवायची नाही, कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचं म्हणाल तर 3 किलोवॅटचा फ्रायर 230 व्होल्टवर 13 अँपिअर खातो, म्हणजे एका साध्या लाइनवर तो आणि बेन-मारी आणि लाइट एकत्र चालत नाहीत, वेगळी लाइन ओढा, विजेची गळती झाली की लाइन तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीडी लावा, बोर्ड पावसापासून वर आणि झाकलेला. छत्री-तंबूला वजनं बांधा, वाऱ्याने उडालेला तंबू आणि खाली गरम तेल हे विचारसुद्धा करायला नको. एवढं लिहायचं कारण म्हणजे माणसं स्टॉलच्या बोर्डावर, रंगावर, नावावर पैसे घालतात आणि इथे वाचवतात.

परवानग्यांचं प्रत्येक ठिकाणचं वेगळं आहे पण प्रश्न तेच असतात. जागा तुमची की फुटपाथ? तुमच्या दारू परवान्याच्या नकाशात ही बाहेरची जागा येते का? बऱ्याच ठिकाणी येत नाही आणि मग बाहेर उभ्या माणसाच्या हातात ग्लास गेला की परवान्यालाच धक्का. इन्शुरन्सवाल्याला उघड्या ज्योतीवर बाहेर शिजवतोय हे लेखी कळवलंय का? करारात घरमालकाने अंगणात धंदा करायला मनाई केलीय का? 2020 नंतर बऱ्याच शहरांनी बाहेरच्या धंद्याकडे जरा मोकळेपणाने बघायला सुरुवात केली हे खरं. इंग्लंडमध्ये 2020 च्या बिझनेस अँड प्लॅनिंग ॲक्टने पेव्हमेंट लायसन्स आलं, त्यात टेबल-खुर्च्यांबरोबर खाणं-पिणं विकायचा काउंटर किंवा स्टॉलसुद्धा बसतो, आणि 2023 च्या कायद्याने ती तात्पुरती सोय कायमची केली. न्यूयॉर्कने जून 2020 मध्ये रेस्टॉरंटना रस्त्यावर यायला दिलं, मग 2023 मध्ये कायमची योजना केली पण रस्त्यावरच्या मांडणीला एप्रिल ते नोव्हेंबर असं बांधून घातलं. म्हणजे नियम बदलत राहतात, म्हणून सुरुवातीला पक्कं बांधकाम करू नका, चाकांवर असेल असंच घ्या.

आता स्वतः चालवायचा की बाहेरच्या स्टॉलवाल्याला जागा द्यायची. तुमचं किचन चांगलं असेल आणि दुपारी रिकामं असेल तर स्वतःचा. किचन नसेल, लहान असेल, किंवा शेफ आधीच टेकीला आला असेल तर बाहेरचा बोलवा. बाहेरच्याशी ठरावीक भाडं किंवा विक्रीतला हिस्सा असे दोन प्रकार चालतात, मी बहुतेक वेळा थोडं भाडं अधिक थोडा हिस्सा असं मिश्र सांगतो, कारण नुसतं भाडं घेतलं तर त्याचा धंदा वाढवण्यात तुम्हाला रस राहत नाही आणि नुसता हिस्सा घेतला तर पावसाच्या दिवशी तो येतच नाही. आणि इथे हावरेपणा करू नका. तुम्हाला त्याच्याकडून भाडं कमवायचं नाहीये, तुम्हाला तुमच्या बारमध्ये माणूस जास्त वेळ बसलेला हवाय. रिकाम्या मंगळवारी तो जागा फुकट मागत असेल तर माझं मत द्यावी असंच आहे, फक्त तो येणार म्हटलं तर आलाच पाहिजे, लिहून घ्या.

लिहून घ्यायच्या बाकी गोष्टी पण सांगतो, ड्रिंक्स तो विकणार नाही, पाण्याच्या बाटलीसकट. वीज सबमीटरवर. वापरलेलं तेल आणि कचरा तो नेणार, तुमच्या सिंकमध्ये तेल ओतणार नाही. त्याचं फूड लायसन्स, त्याचा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स (गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईसाठीचा), गॅस तपासणीचा कागद, या सगळ्याच्या प्रती तुमच्या फाइलला. वेळा ठरलेल्या, माल संपला म्हणून आठला गाशा गुंडाळायचा नाही, कारण तुमच्या गिऱ्हाइकाला तिथे खाणं मिळतं ही सवय लागायला महिने जातात आणि मोडायला दोन संध्याकाळी पुरतात. दर आठवड्याला नवा स्टॉल फिरवायची फॅशन आहे, त्याने फोटो चांगले येतात पण सवय लागत नाही, मी एकच विक्रेता निदान तीन महिने ठेवायच्या बाजूने आहे आणि वाटलं तर महिन्यातून एखादा दिवस पाहुणा.

स्टॉल कुठे उभा करायचा यावर लोक दोन मिनिटंही विचार करत नाहीत. दाराच्या अगदी तोंडावर लावला तर रांगेमुळे आत येणारा अडतो, व्हीलचेअर आणि बाबागाडी अडते, आणि आत गर्दी आहे असं वाटून माणूस परत जातो. फार लांब लावला तर आतला धंदा आणि हा यांचा संबंधच तुटतो. दारापासून पाच-सात पावलं बाजूला, रांग दारापासून लांबच्या दिशेने वाढेल अशी, आणि थांबलेल्या माणसाला खिडकीतून आतला बार दिसेल असा. धूर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या खिडकीत जातो का ते वारा बघून आधी एकदा पेटवून तपासा, तक्रार एकदा गेली की परवानगी परत मिळवणं जड जातं. टॉयलेट मात्र आनंदाने वापरू द्या, तिथपर्यंत जाताना माणूस तुमचा पूर्ण बार बघतो. ऑर्डर तयार व्हायला चार मिनिटं लागणार असतील तर नंबर देऊन आत थांबा म्हणा, हाक आत ऐकू येईल अशी सोय करा. आतल्या ड्रिंकवर सवलतीचं कुपन देण्यापेक्षा हे जास्त चालतं आणि त्यात मार्जिन जात नाही.

सुरू करण्याआधी मागच्या आठ आठवड्यांची वारानुसार आणि तासानुसार आतली बिलं काढून ठेवा, किती कव्हर, म्हणजे किती माणसं बसली, दर माणशी किती, त्यात ड्रिंक किती. मग आठवड्यातले दोनच दिवस घ्या, तुमचे सगळ्यात रिकामे नव्हे, मधले, जिथे रस्त्यावर माणूस आहे पण आत येत नाहीये. गर्दीच्या शनिवारी सुरू करायचा मोह होईल, करू नका, तेव्हा आतली टेबलं भरतातच आणि किचनला श्वास नसतो. भाड्याची उपकरणं घ्या, विकत काही नाही. चार आठवडे झाले की त्याच वारांची आधीची बिलं आणि आत्ताची बिलं शेजारी ठेवा, हवामानाची नोंद बाजूला लिहा, आणि बघा की आतली कव्हरं किती घटली, ड्रिंकची विक्री किती वाढली. काउंटरवरच्या मुलाला फक्त एक प्रश्न विचारायला सांगा, आज आत बसणार होतात का, रोज वीसेक जणांना, एका कागदावर रेघा मारत. चारात एक येत असेल तर स्टॉल लगेच बंद करायची गरज नाही, आधी मेन्यू बदला, वेळ बदला, आतलं किचन बंद झाल्यावरचे दोन तास करून बघा. तीन महिन्यांत हे प्रमाण सातात एकच्या पुढे सुधारलं नाही तर काढून टाका आणि ती जागा बसायला वापरा, चार टेबलं आणि छत्र्या टाकून. काही जागांना स्टॉलपेक्षा तेच जास्त मानवतं, विशेषतः जिथे समोरून चालत जाणारा माणूस कमी आणि ठरवून येणारा जास्त असतो.